खाऱ्या गावातला पाण्याचा तास

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींना पाणी भरपूर आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मग तुम्हाला कसली टंचाई? टंचाई अशी की त्या पाण्याला बैलही तोंड लावतो आणि मान वर करतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. वर चिकण काळी माती, तिच्याखाली गाळाचे खोल थर आणि त्या थरांमध्ये साठून राहिलेलं खारं पाणी. इथल्या घरांत पाण्याचे पूर्वापार दोनच प्रकार, खारं आणि गोडं. खाऱ्यात तुरीची डाळ चुरत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी भरायच्या गुंडाच्या तळाला पांढरा थर धरतो. गोडं म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून नळाला येणारं. अलीकडे तिसरा प्रकार आला आहे, तो म्हणजे आरओ प्लांटवरचं जारचं पाणी.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. पाण्याचा विषय दरवर्षी येतो आणि ठरल्यासारखा जातो. २२ मार्चला जागतिक जल दिन, त्यानिमित्त निबंध, चित्रं, घोषणा आणि फेरी. चित्रात भेगाळलेली जमीन आणि नळातून पडणारा शेवटचा थेंब. मुलं फार सुरेख काढतात, प्रश्न तो नाही. पण ज्या पाण्यावर आमचं गाव उठतं-बसतं ते त्या चित्रात कुठंच नसतं. म्हणून एका वर्षी फेरी काढलीच नाही. सातवी-आठवीला म्हटलं, या वर्षी आपण गावचं पाणी तपासू.

पहिल्या तासाला एकही उपकरण नव्हतं. घरी जाऊन आई-आजीला विचारा, पाणी चांगलं की वाईट हे त्या कशावरून ओळखतात, एवढंच काम दिलं. दुसऱ्या दिवशी वही भरेल इतकी उत्तरं आली. डाळ, साबण, जिभेची चव तर होतीच. कोणी म्हणे केस चिकट होतात, कोणी म्हणे कुंडीतली तुळस जळते. एका मुलीच्या आजीनं सांगितलं होतं, "ज्या पान्यात भात पिवळा पडते, ते पानी वाईट." मला हे उत्तर इतकं आवडलं की तो सगळा तास त्यावरच गेला. पाणी आम्लारीधर्मी असेल तर तांदळातली रंगद्रव्यं पिवळी पडतात, आणि आमच्या बऱ्याच विहिरींचं पाणी तसंच आहे. हळदीचा कागद करून आम्ही तो सोड्याच्या पाण्यात बुडवून लाल केला. आजीची परीक्षा आणि पुस्तकातली दर्शकांची परीक्षा एकच निघाली. त्या मुलीनं घरी जाऊन आजीला हे सांगितलं म्हणे, तर आजी म्हणाली, "मंग मले शाळेत काऊन नाई बोलावलं?" पुढच्या वेळी बोलावलं.

मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार सांगणारा मीटर आणला. पेनासारखं हे यंत्र ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं आणि आमच्या भागात आरओ विकणारा प्रत्येक माणूस ते खिशात घेऊन फिरतो. पाण्यात बुडवलं की आकडा येतो. मुलांना आकड्याचं फार वेड. दोन दिवस त्यांनी गावात मोजायचं काही सोडलं नाही. विहीर, हातपंप, नळ, जार, माठ, कोल्ड्रिंक, सगळं झालं. विहिरींचे आकडे तीन हजारांच्या पुढे, नळाचा दोनशे-अडीचशे, जारचा पन्नासच्या आत. फळ्यावर भारतीय मानक लिहिलं. आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. वर्गात लगेच श्रीमंत-गरीब पडले. ज्याच्या घरी जार येतो तो ऐटीत सांगू लागला, "आमच्या घरचं चाळीस!"

ही ऐट मोडली ती एका मुलीनं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. शाळेमागच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि त्यात दोन म्हशी बसून होत्या. तिनं मीटर त्यात घातला. आकडा नळापेक्षा कमी आला. ती धावत वर्गात आली, "मॅडम, मंग हे प्याचं काय?"

सगळे हसले, पण उत्तर कोणाला देता येईना. मीटरनं चांगलं म्हटलं होतं आणि म्हशी तर डोळ्यांसमोर होत्या. त्या दिवशीच्या धड्याची तयारी मी केलेली नव्हती, पण त्यासारखा धडा मी ठरवूनही रचू शकले नसते. मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. शेण, मूत, जंतू यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. आजीच्या यादीतल्या परीक्षा आम्ही पुन्हा काढून पाहिल्या. डाळ, साबण, भात, तुळस, सगळ्या क्षारांच्या. खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जो शत्रू समोर दिसला, त्याच्याविरुद्धच गावानं अक्कल तयार केली होती. जुलाबाचं पाणी ओळखायची एकही युक्ती त्या वहीत नव्हती.

जंतूंसाठी एक साधी बाटली असते. आमच्याकडे तिला एच-टू-एसची बाटली म्हणतात. ही पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली आणि पुढे ती जगभर गेली. निर्जंतुक बाटलीत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो पट्टीतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळंकुट्ट होतं. बाटल्या आम्हाला ग्रामपंचायतीच्या तपासणी पेटीतून मिळाल्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना अशा तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं असतं. आमच्या गावातल्या त्या पाचांपैकी एक आशाताई. त्याच शाळेत आल्या आणि बाटली कशी धरायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट कसं लावायचं नाही, हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं शिकवलं.

नमुना घेणं हाच खरा अर्धा धडा आहे, असं माझं मत झालं आहे. मुलांना घाई असते. नळाची तोटी आधी पुसायची, थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं, मग बाटली धरायची, आणि बाटलीवर लगेच ठिकाण, तारीख, वेळ लिहायची. एका गटानं तीन बाटल्या भरून आणल्या आणि कोणती कुठली ते त्यांनाच सांगता येईना. त्या बाटल्या बाद केल्या. रडारड झाली, पण मी बधले नाही. चुकीच्या नावाचा नमुना हा नमुना नसण्यापेक्षा वाईट.

थंडीचे दिवस होते, म्हणून बाटल्या खोक्यात तुरीच्या कुटारात, म्हणजे भुशात, पुरून ठेवल्या. ही कल्पना मुलांचीच. घरी आंबे पिकवायला आढी घालतात, तशी ही पाण्याची आढी. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच खोक्याभोवती गर्दी. विहिरीची काळी, ते अपेक्षितच होतं, कारण तिच्या काठावरच धुणं चालतं आणि ओटा फुटका आहे. म्हशींच्या खड्ड्याची काळी. नळाची तोटीवरची स्वच्छ. जारचं पाणी प्लांटच्या तोटीवर घेतलेलं स्वच्छ. पण घरी पोचलेल्या जारमधलं काही ठिकाणी काळं. आणि त्याच नळाचं पाणी घरच्या माठातून, गुंडातून घेतलेलं, तेही बऱ्याच ठिकाणी काळं.

चाळीसवाला मुलगा गप्प झाला. त्याच्या घरची बाटली सगळ्यांत आधी काळी झाली होती.

इथून पुढचं शिकवणं नाजूक होतं. मुलांना लगेच फळ्यावर नावं लिहायची होती, कोणाच्या घरचं काळं आणि कोणाच्या घरचं पांढरं. मी नावं काढून आकडे दिले. गावात कोणाच्या घरचं पाणी घ्यायचं आणि कोणाच्या घरचं नाही, याचा जुना इतिहास आहे. शाळेनं त्याला विज्ञानाचा शिक्का द्यायला नको, याबाबतीत मी पक्की होते. मुलांना एवढंच सांगितलं की बाटलीला घराचं नाव कळत नाही, हात कुठं बुडाला ते कळतं. मग आम्ही स्रोतापासून ओठांपर्यंत पाण्याचा रस्ता काढला. तोटी, पाइप, बादली, गुंड, माठ, पेला. प्रत्येक टप्प्यावर कोण हात घालतं? लहान भाऊ पेल्यासकट मनगट बुडवतो. माठावरची ताटली जमिनीवर ठेवली जाते आणि परत झाकली जाते. जार आत कधी घासला जातो, तर कोणालाच माहीत नाही. पुढच्या फेरीत काही घरांनी लांब दांड्याचं ओगराळं वापरलं आणि माठ रोज घासून पालथा घातला. त्यांच्या बाटल्या बदलल्या. सगळ्यांच्या नाही, पण ज्या बदलल्या त्या मुलांनी जपून ठेवायला मागितल्या. ठेवता येत नाहीत. काळ्या बाटलीत जंतूच वाढवलेले असतात, त्यामुळे त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून, काही वेळ ठेवून, मगच ती फेकायची. हे काम मी मुलांकडे दिलं नाही.

ब्लीचिंग पावडरवरून आठवलं. गावात तिला टीसीएलच म्हणतात. हजार लिटरला पाच ग्रॅम, हे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकांनी मुलांना सांगितलं आणि आम्ही ते गणिताच्या तासात पडताळलं. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन धरलं तर लिटरला सुमारे १.६५ मिलिग्रॅम येतं. त्यातलं बरंचसं घाण आणि जंतूंशी लढण्यात खर्च होतं, आणि अर्ध्या तासानंतर शेवटच्या घरच्या नळाला किमान ०.२ उरलं पाहिजे. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि पाच ग्रॅमचं गणित कोसळतं. पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट मी स्वतः करून दाखवली. नळीत दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ते रसायन मुलांच्या हातात द्यायचं नसतं. पिवळा रंग किती गडद हे बघायला मात्र सगळ्यांचे डोळे लागतात.

आरओ प्लांटवर आम्ही गेलो तेव्हा मालकानं आनंदानं सगळं दाखवलं. एका पाइपातून गोडं पाणी, दुसऱ्यातून टाकाऊ. मुलांनी दोन्हीखाली एकाच वेळी बादल्या लावल्या. गोड्याची एक भरेपर्यंत टाकाऊच्या दोन भरून वाहिल्या. टाकाऊचा टीडीएस मूळ विहिरीपेक्षाही वर, कारण काढलेले सगळे क्षार त्यातच. "हे जाते कुठं?" नालीत. नाली कुठं? नाल्यात. पुढचं मुलांनी विचारलं नाही, नाल्याकाठची शेतं त्यांचीच आहेत. खारं पाणी संडासाला, फरशी धुवायला वापरता येईल असं कोणी म्हणालं, झाडांना घालू म्हणणाऱ्याला इतरांनीच गप्प केलं. घरोघरच्या जारांचे निकाल त्याच मालकाला सांगितले, तेव्हा आनंद ओसरला. "पोट्ट्याइच्या बाटल्याइवर माह्या धंदा बंद करता का मॅडम?" त्याचंही खोटं नव्हतं. एच-टू-एसची बाटली फक्त शंका दाखवते, निवाडा देत नाही. निवाडा प्रयोगशाळेचा. म्हणून आशाताई आणि जलसुरक्षकांमार्फत नमुने भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवले, निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी. अहवाल आला तेव्हा शंका खरी निघाली होती. मालक शाळेत आला नाही, पण जार धुवायचा ब्रश आणि गरम पाण्याची टाकी प्लांटवर दिसू लागली. दरही एक रुपयानं वाढला, हे सांगायलाच हवं.

आठवीतल्या एका मुलानं एकदा तास संपल्यावर थांबून विचारलं, "माह्या आबाची किडनी या पान्यानंच गेली काय?" आमच्या पट्ट्यात किडनीचं दुखणं हा घराघरातला विषय आहे. मी म्हटलं, ते आपली पेटी सांगू शकत नाही, डॉक्टरांना विचारू. आशाताईंनी त्याला घरी जाऊन गाठलं. वर्गात मी तो विषय काढला नाही.

सगळ्यांत जास्त वेळ मी ज्यावर दिला तो प्रयोग बिनपैशाचा होता. काचेची मोठी बरणी, तळाशी मीठ विरघळवलेलं निळ्या शाईचं पाणी. वर उपडा चमचा धरून त्यावरून साधं पाणी अगदी हळू सोडायचं. खाली निळं, वर पांढरं, मध्ये रेघ. खारं पाणी जड, गोडं हलकं, म्हणून पावसाचं मुरलेलं पाणी जमिनीत काही काळ असंच वर तरंगतं. मग एकाला नळीनं वरचं पाणी हळू ओढायला सांगितलं, दुसऱ्याला जोरात. हळू ओढणाऱ्याच्या नळीत पांढरं आलं. जोरात ओढणाऱ्यानं रेघ मोडली, निळं वर चढलं. "म्हणून आमची विहीर पावसाळ्यात गोडी अन् उन्हाळ्यात खारी!" हे वाक्य माझं नाही, मागच्या बाकावरून आलं. पाठोपाठ दुसरं आलं, "बावा दहा एचपीचा पंप बसवून राह्यले, त्याइले सांगा लागते."

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आम्ही पहिलीपासून म्हणतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, तिथं ती चोख आहे. हिवरे बाजारनं जेमतेम ४०० मिलिमीटर पावसात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ती गोष्ट मुलांना पाठ आहे. पण बरणीसमोर बसून पोरांनी विचारलं, आपल्याकडे जिरवलेलं जाते कुठं? निळ्यात. म्हणजे इथं जिरवण्याआधी वरच्या वर साठवायला हवं, शेततळ्यात, टाक्यात. राज्यभराची घोषणा गावाच्या मातीला विचारून म्हणावी, असं मला तेव्हापासून वाटतं, आणि प्रशिक्षणात हे बोलले की काही चेहरे उतरतात.

मग छपराचं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, हे कळलं की मुलं स्वतःच धावतात. दोन वर्गखोल्यांचं छप्पर टेपनं मोजून ९० चौरस मीटर निघालं. पाऊस ७०० मिलिमीटर धरला, उडणारं-सांडणारं म्हणून दोन दशांश वजा केलं, तर ५०,४०० लिटर. शाळेत १२० मुलं, दिवसाला दोन लिटर प्यायला, म्हणजे २४० लिटर. भागाकार आला २१०. शाळेचं वर्ष साधारण तेवढ्याच दिवसांचं! वर्गात टाळ्या पडल्या. लगेच एकीनं हिशेबाला खीळ घातली, एवढी मोठी टाकी कोण बांधणार आणि पाऊस काय सगळा एका दिवशी पडते काय? बरोबर. पावसाळ्यात टाकी भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. शेवटी दहा हजार लिटरची टाकी आणि मार्चपर्यंत नळाच्या पाण्याची जोड, असा अंदाज मुलांनी कागदावर मांडला.

तो कागद ग्रामसभेत वाचला सातवीतल्या दोघींनी. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच असलेल्या, निधीत पिण्याचं पाणी आणि पाऊसपाणी साठवण बसतं, हे ग्रामसेवकांनीच सांगितलं. एका काकांनी विचारलं, "टाकी धुनार कोन?" कोणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. छपरावर कबुतरं बसतात. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाऊ न देता बाजूला काढावं लागतं, जाळी बसवावी लागते, वर्षातून एकदा आत उतरून घासावं लागतं. मुलींनी उत्तर दिलं की वेळापत्रक करून आणतो. पुढच्या सभेत आणलं, त्यात शिक्षकांचीही नावं होती, विचारल्याशिवाय घातलेली.

टाकी अजून आराखड्यातच आहे. पन्हळ मात्र एका पालकानं घरच्या पाइपातून बसवून दिली आणि तिच्याखाली सध्या दोन ड्रम आहेत. पहिल्या सरीचं पाणी सोडून देणारी झडप कोणत्या वर्गानं उघडायची, यावर सातवी आणि आठवीचं भांडण चालू आहे. सातवीचं म्हणणं, गणित आम्ही केलं. आठवीचं म्हणणं, उंची आमची.